‘नोंदणीकृत’ हा शब्द टाईप करण्याआधी : मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
शासन निर्णयांचे मसुदे करणारे सर्व कक्ष अधिकारी,
कामगार, परिवहन, नगरविकास, अन्न व नागरी पुरवठा, मदत व पुनर्वसन हे विभाग,
मंत्रालय, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

असलं पत्र खरं तर मंत्र्यांना लिहायचं असतं, तशी रीत आहे. पण मी गेली चौदा वर्षं पुण्यात दांडेकर पुलाजवळ झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान चालवतो. टीव्हीवर मंत्री जे बोलतात ते आणि चार दिवसांनी माझ्या प्रिंटरमधून जे बाहेर पडतं ते, या दोन गोष्टी निराळ्या असतात हे एव्हाना मला कळलंय. मंत्री म्हणतात, ‘घरकाम करणाऱ्या आमच्या भगिनींना मदत.’ जीआरमध्ये ‘भगिनी’ नसतात, ‘सक्रिय (जीवित) नोंदणी असलेले घरेलू कामगार’ असतात. हा मधला प्रवास आपल्या टेबलावरून होतो. ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ या ओळीखाली सही आपली असते, त्याच्याही खाली तो अठरा आकडी संकेतांक. म्हणून पत्र आपल्याच नावे.

निमित्त लाडक्या बहिणीचं. ई-केवायसीचं फर्मान निघालं तेव्हा माझ्या दुकानापुढे रोज पंचवीस-तीस बायका असत. त्यात जनता वसाहतीतल्या एक मावशी. सदाशिव पेठेतल्या दोन मेसमध्ये पोळ्या करतात, शिवाय पर्वती पायथ्याला दोन घरची धुणीभांडी. ओटीपी काही केल्या येईना म्हणून बाकड्यावर बसून राहिल्या होत्या. बसल्या बसल्या म्हणाल्या, “दादा, हे पंधराशे दर महिन्याला बिनबोभाट येतात. करोनात एकदाच द्यायचे होते, तेव्हा माझं नाव कुठंच कसं सापडलं नाही? तेव्हापण मीच होते की.”

मी हसून वेळ मारून नेली. रात्री दुकान बंद करताना मात्र काउंटरखालची जुनी वही काढली.

लाँगबुक आहे, वर प्लास्टिकचं कव्हर. मार्च २०२० ते जुलै २०२१. त्या काळात सॅनिटायझरची बाटली वहीशेजारीच असायची, त्यामुळे काही पानांवर शाई पसरून निळे डाग पडलेत. रकाने मीच आखलेले: तारीख, नाव, काम काय करतात, कशासाठी अर्ज, पोच क्रमांक आणि शेवटी काय झालं. अर्जदार पुन्हा आला की शेवटचा रकाना भरायचा. पैसे आले तर निळ्या पेनने ‘आले’. नाही तर लाल पेनने ‘या. ना.’, म्हणजे यादीत नाही. बेचाळीस पानं भरलीत. एक लाल पेन त्यात संपलं आणि दुसरं आणायला स्टेशनरीचं दुकान उघडं नव्हतं, म्हणून शेवटची काही पानं पेन्सिलीने लिहिलीत.

मावशींची नोंद एप्रिल २०२१ मध्ये आहे. १३ एप्रिलच्या रात्री मुख्यमंत्री बोलले. दुसऱ्या दिवशी रात्री आठपासून निर्बंध आणि त्याबरोबर मदत: नोंदणीकृत बांधकाम कामगारांना १,५०० रुपये, नोंदणीकृत घरेलू कामगारांना १,५००, नोंदणीकृत फेरीवाल्यांना १,५००, परवानाधारक रिक्षाचालकांना १,५००. एक गोष्ट आपल्या बाजूने आधीच नोंदवतो. निर्बंध जाहीर करताना त्याच तोंडाने पैशांचंही बोलणं झालं. २०२० साली रात्री आठ वाजता देश बंद करायची घोषणा झाली तेव्हा तेवढंही झालं नव्हतं, पॅकेज दोन दिवसांनी आलं. म्हणजे वर्षभरात सरकार काहीतरी शिकलं होतं.

सकाळी मी शटर अर्धं खाली ओढून आत बसलो. नियमात बसत नव्हतं, आता सांगायला हरकत नाही. मावशी वाकून आत आल्या आणि त्यांनी कमरेच्या पिशवीतून एक कार्ड काढलं. घरेलू कामगार कल्याण मंडळाचं. या मंडळाचा कायदा २००८ चा, महाराष्ट्राचा स्वतःचा. पुढे कधीतरी कुणा पुढाऱ्याने वस्तीत शिबिर भरवलं होतं, त्यात मावशींनी नोंदणी केली होती. कार्डावरचा फोटो पुसट झाला होता. मला वाटलं, चला, काम झालं. पण नूतनीकरण केलेलं नव्हतं. करायचं असतं हे शिबिर भरवणाऱ्याने सांगितलं नव्हतं, आणि तो पुढारी पुढची निवडणूक हरला म्हणून पुढचं शिबिरही झालं नाही. थोडक्यात, मावशी जिवंत आणि नोंदणी मेलेली.

नव्याने करायची तर ज्यांच्याकडे काम करतात त्यांचं पत्र हवं. मेस दोन्ही बंद, कारण एमपीएससीची पोरं गावी गेलेली. एक मेसमालकही गावी, फोन लागेना. राहिली दोन घरं. एका सोसायटीच्या फाटकावर ‘कामवाल्यांना प्रवेश बंद, अपवाद केला जाणार नाही’ अशी पाटी. पाटी लावण्यात आपल्या पुण्याचा हात कोण धरणार! दुसऱ्या घरच्या बाई चांगल्या आहेत, लॉकडाऊनमध्ये दोन महिन्यांचा पगारही त्यांनी घरबसल्या दिला होता. पण पत्राचं नाव काढताच त्या बिचकल्या. “लेखी नको गं, उद्या कसला कायदा मागे लागला तर?” मावशींनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना बाईंचं म्हणणं पटलं होतं. मी शेवटच्या रकान्यात लाल पेनने लिहिलं.

समजा, पैसे मिळाले असते, तरी किती? निर्बंध आधी १ मेपर्यंत म्हणाले, मग १५ मे, मग १ जून. १४ एप्रिलच्या रात्रीपासून धरा, ४८ दिवस होतात. १,५०० भागिले ४८ म्हणजे दिवसाला एकतीस रुपये. दोन वडापाव आणि वर सुटे. त्याच वर्षी आपल्या राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २४८ रुपये होती, हाही सरकारनेच ठरवलेला आकडा.

रिक्षाचं प्रकरण आणखी मजेचं आहे, मजेचं म्हणजे ज्याला झालं त्याला नव्हे. जीआरमध्ये शब्द ‘परवानाधारक’. आपण पुण्यात कधी रिक्षात बसला असाल तर चालकाला विचारून बघा, गाडी स्वतःची की शिफ्टवर? दिवसा एक चालवतो, रात्री दुसरा, दोघे मालकाला रोजचं भाडं देतात. बॅज त्यांच्याकडे, लायसन त्यांच्याकडे, पोलिसांचा दंडही त्यांनाच, पण परवाना तिसऱ्याच्या नावाचा. अर्जात गाडी नंबर टाकला, लायसन नंबर टाकला, आधार टाकलं की पोर्टल म्हणे माहिती जुळत नाही. बरोबरच म्हणत होतं. ज्यांचं जुळत होतं त्यांच्यातले काहीजण कुठेतरी नोकरीला होते आणि पगार घरी येत होता. एका मालकाने मात्र आपल्या पंधराशेतले साडेसातशे शिफ्टवाल्याच्या हातावर ठेवले. तेही वहीत आहे, निळ्या शाईत.

शाळेची व्हॅन चालवणारे तर कुठल्याच शब्दात बसत नव्हते. पुण्यातल्या प्राथमिक शाळा जवळपास पावणेदोन वर्षं बंद होत्या. व्हॅनचा हप्ता चालू, मुलं घरी आणि पालक म्हणणार, व्हॅन आलीच नाही तर पैसे कसले? तेही खरंच. पण व्हॅन रिक्षा नव्हे, म्हणून पंधराशे नाहीत. बॅण्डवाले, मंडपवाले, वरातीचा घोडा सांभाळणारे, सलूनमध्ये टक्केवारीवर काम करणारे कारागीर, शिकवण्या घेणाऱ्या ताई, हे सगळे माझ्याकडे येऊन विचारत, ‘आमच्यासाठी काही निघालंय का?’ मी रोज संकेतस्थळ उघडून बघायचो. निघालेलं नसायचं.

बांधकाम मजुरांचं त्यातल्या त्यात बरं. त्यांचं मंडळ आहे, बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर जमा होतो आणि मंडळाकडे हजारो कोटी पडून होते. २०२० मध्ये नोंदीत मजुरांच्या खात्यात आधी २,००० आणि मग ३,००० रुपये जमा झाले. पण नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. वारज्याच्या नाहीतर कात्रजच्या मजूर अड्ड्यावर सकाळी उभा राहणारा माणूस आज कुणाची भिंत बांधतो आणि उद्या कुणाच्या फरशा उचलतो. नव्वद दिवसांचे त्याचे मालक साठ, त्यातल्या एकाचंही आडनाव त्याला ठाऊक नसतं. कायद्यात पर्याय आहे, महापालिकेचा अधिकारीही दाखला देऊ शकतो. त्या अधिकाऱ्याला शोधण्यात मजुराचे जे दोन खाडे पडतात, त्यांचा रकाना मात्र कुठल्या फॉर्ममध्ये नाही.

केंद्राच्या योजना आपल्या टेबलावरच्या नाहीत, ठाऊक आहे. तरी दोन शब्द लिहितो, कारण चूक तीच आहे. एप्रिल ते जून २०२० महिलांच्या जनधन खात्यात महिना ५०० रुपये. खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य किंवा एक असेल तर ३ एप्रिलला, दोन किंवा तीन असेल तर ४ एप्रिलला, अशी वाटणी होती. मी हा तक्ता मोठ्या अक्षरात छापून शटरवर चिकटवला होता. एक बाई तो बोट ठेवून वाचत होत्या. त्यांचा आकडा सात. तारीख बघितली, खूश झाल्या. पासबुक मागितलं तर खातं बचत गटातून उघडलेलं, २०१४ च्या आधीचं साधं बचत खातं. जनधन नाहीच. सरकारने सांगायच्या आधी शहाणपणाने खातं उघडलं, हीच त्यांची चूक.

पीएफवाल्यांना सांगितलं, तीन महिन्यांच्या पगाराएवढे किंवा शिलकीच्या ७५ टक्के, जे कमी असेल तेवढे पैसे काढा. काढले लोकांनी, अडीनडीला उपयोगही झाला. पण ते त्यांचेच होते. आपल्याच घरची पुरणपोळी आपल्याच पानात वाढून यजमान म्हणवून घ्यायचं, त्यातला हा प्रकार. फेरीवाल्यांना पीएम स्वनिधी योजनेतून १०,००० रुपये मिळाले, तेही कर्जाऊ. ज्यांची गाडी पुन्हा रुळावर आली त्यांना त्याचा फायदा झाला आणि परतफेड करून त्यांनी पुढचं कर्जही घेतलं, हे मी पाहिलंय. पण अन्नाला महाग झालेला माणूस मदत मागायला येतो आणि मी त्याच्यापुढे कर्जाचा अर्ज ठेवतो, तेव्हा त्याच्याकडे बघवत नाही.

आणि २९ मार्च २०२० चा तो आदेश! सगळ्या मालकांनी बंदच्या काळातला पूर्ण पगार द्यावा, कपात करू नये. लक्ष्मी रस्त्यावर साडीच्या दुकानात काम करणाऱ्या एका पोराने माझ्याकडून त्याची रंगीत प्रिंट नेली, सेठना दाखवायला. सेठ म्हणाले, “मला कोण देणार ते पण लिहिलंय का यात?” लिहिलेलं नव्हतं. १८ मेपासून आदेशच मागे घेतला गेला. ईएसआयसीत, म्हणजे कामगार विमा महामंडळात, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना होती, नोकरी गेलेल्याला ९० दिवसांपर्यंत सरासरी पगाराच्या निम्मी रक्कम. आपल्या देशात बेकारी भत्त्याच्या सर्वात जवळ जाणारी गोष्ट हीच. माझ्या दुकानातून तिचा एकच अर्ज गेला, कारण माझ्या गिऱ्हाइकांत ईएसआयसीचं कार्ड असलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

रेशनचं एकच सांगतो. शहरात प्राधान्य कुटुंबात बसायचं तर वर्षाचं उत्पन्न ५९,००० रुपयांच्या आत हवं. महिन्याला पाच हजारही नाही. पुण्यात तेवढ्यात खोलीचं भाडं भागत नाही. त्यामुळे मोफत धान्य पिवळ्या कार्डाला आणि प्राधान्य कुटुंबाचा शिक्का असलेल्या केशरी कार्डाला. बिनशिक्क्याच्या केशरीला मे-जूनमध्ये आठ रुपयांनी गहू, बारा रुपयांनी तांदूळ, तेही विकतच. आणि ज्याचं कार्ड धाराशिवच्या गावाकडे, त्याला इथला दुकानदार म्हणे गावी जा. गावाला जायची एसटी बंद.

आता मुद्द्यावर येतो. या बेचाळीस पानांत फसवणूक नाही, भ्रष्टाचारही फारसा नाही. पैसे खाल्ले म्हणून लोकांना मिळाले नाहीत असं मी म्हणत नाही. प्रत्येक योजनेने एकच प्रश्न विचारला, ‘तू कुठल्या यादीत आहेस?’ आदेशाने मात्र यादी बघून काम थांबवलं नव्हतं. सरसकट सगळ्यांचं थांबवलं होतं. जुलै २०२० मध्ये पुणे पुन्हा दहा दिवस कडकडीत बंद झालं, तेव्हा तर जनधनचा तिसरा हप्ताही संपून गेला होता.

कायद्याचं मला फार कळत नाही, पण कायद्यांच्या प्रिंटा मी काढतो आणि गिऱ्हाईक नसलं की वाचतो. १३ मार्च २०२० ला राज्याने साथरोग कायदा लागू केला. तो १८९७ चा, प्लेगातला. आम्हा पुणेकरांना त्या सालाची वेगळी ओळख करून द्यायला नको, रँडसाहेबाची गोष्ट शाळेतच कळते. एवढासा कायदा आहे, पान-दीड पान. त्याच्या दुसऱ्या कलमात सरकारला हवे ते निर्बंध घालायचा अधिकार आहे आणि त्याच वाक्याच्या शेवटी म्हटलंय की होणारा खर्च, भरपाई असल्यास त्यासह, कोणी आणि कसा सोसायचा हे सरकारला ठरवता येईल. ‘असल्यास’. इंग्रज अधिकाऱ्याने कंसात घातलेला तो शब्द आपण सव्वाशे वर्षं कंसातच ठेवला.

दुसरा कायदा आपला, २००५ चा आपत्ती व्यवस्थापनाचा. लॉकडाऊन त्याच्याच आधारे लागला. त्याचं बारावं कलम मदतीच्या किमान निकषांचं आहे. त्यात जीवितहानीबद्दल सानुग्रह सहाय्य आहे, आणि त्याच पोटकलमात, त्याच दमात, उपजीविकेची साधनं पुन्हा उभी करण्यासाठी सहाय्यही आहे. ३० जून २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने या कलमावर बोट ठेवलं आणि करोनाने गेलेल्यांच्या वारसांना ५०,००० रुपये मिळाले. ते अर्जही मी भरले. नवरा गेलेल्या बाईकडून त्याचं आधार कार्ड मागून घेताना काय बोलावं ते आजही मला कळत नाही. पण त्याच पोटकलमाचा दुसरा अर्धा भाग कुणी उघडलाच नाही. मेला तर निकष आहे, जगला आणि काम गेलं तर नाही.

आणि हे सगळं कुठल्या राज्यात? १९६९ ला माथाडी कायदा करणाऱ्या राज्यात. मार्केट यार्डातल्या हमालांना विचारा, नाव नोंदलेलं असणं म्हणजे काय. ते नाव नोंदवून घेण्यासाठी हमाल पंचायतीच्या बाबा आढावांसारख्यांची हयात गेली. म्हणजे नोंदणी वाईट असं मी मुळीच म्हणत नाही. नोंदणी हे साथ येण्याआधीचं काम आहे, एवढंच. घर पेटल्यावर सात-बारा मागू नये.

याच राज्याने १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी उभी केली. तिच्यात यादीचा प्रश्नच नव्हता. काम मागा, पंधरा दिवसांत मिळेल, नाही मिळालं तर भत्ता. भर उन्हात खडी फोडायला जो आला तो गरजू, वेगळा दाखला कशाला? आणि पैसा कुठून? १९७५ ला व्यवसाय कर बसवला. शहरातल्या पगारदाराच्या स्लिपमधून आजही महिन्याला २०० रुपये कापले जातात, फेब्रुवारीत ३००, वर्षाला २,५००. पुण्यातल्या निम्म्या लोकांना ते पैसे कशासाठी जातात हे माहीत नाही. ते गावाकडच्या माणसाच्या कामाच्या हमीसाठी सुरू झाले होते. फार मोठ्या मनाची गोष्ट होती ती, मला तिचा अभिमान वाटतो. पण शहर बंद पडलं तेव्हा शहरातल्या मजुरासाठी तशी हमी कुठेच नव्हती. पन्नास वर्षांत कुणाला वाटलंच नाही की दुष्काळ शहरातही पडू शकतो.

साथीत खडी फोडायला माणसं गोळा करता येत नाहीत, मान्य. मग गरज ओळखायची कशी? तेही आपण करून दाखवलंय. शिवभोजन. जानेवारी २०२० ला सुरू झालं, दहा रुपयांना थाळी. लॉकडाऊनमध्ये पाच रुपये आणि एप्रिल २०२१ मध्ये फुकट. केंद्रावर जायचं, नाव सांगायचं, मोबाईलवर फोटो काढू द्यायचा, थाळी घ्यायची. घरेलू की बांधकाम, परवाना आहे की नाही, कार्ड केशरी की पांढरं, कुणी विचारलं नाही. माझ्या वहीतले अर्धे ‘या. ना.’ त्या रांगेत उभे असायचे. शिफ्टवाला रिक्षावाला आणि बॅण्डमधला क्लॅरिनेटवाला तिथेच एकमेकांना ओळखू लागले.

म्हणून एवढंच मागणं आहे. पुढच्या वेळी, आणि पुढची वेळ येणारच, कुणाला द्यायचं याची यादी करू नका. कुणाला द्यायचं नाही याची करा, ती छोटी असते. सरकारी-निमसरकारी पगार घेणारे, निवृत्तिवेतनवाले आणि प्रत्यक्ष आयकर भरणारे. ही नावं सरकारकडे आधीच आहेत. ‘प्रत्यक्ष भरणारे’ असंच लिहा बरं का. नुसतं ‘रिटर्न भरणारे’ लिहिलंत तर झेरॉक्स मशिनच्या कर्जासाठी शून्य कराचं रिटर्न भरणारा माझ्यासारखा माणूस पुन्हा बाहेर. बाकी जो कुणी त्या दिवशी त्या प्रभागात राहतोय, आधारवरचा पत्ता कुठलाही असो, त्याच्याकडून ‘माझं काम बंद पडलंय’ एवढं स्वयंघोषणापत्र घ्या आणि पैसे सोडा. प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र चालेल असं २०१५ ला शासनानेच ठरवलंय, तो जीआर माझ्या दुकानात लॅमिनेट करून ठेवलाय. रक्कम किती, तर निदान रोजगार हमीचा त्या वर्षीचा दर. आणि हे सगळं बंदच्या आदेशातच एक परिच्छेद म्हणून असू द्या. वेगळा जीआर नको. वेगळा काढलात की तो वेगळ्या विभागाकडे जातो, तिथून वित्त विभागाकडे, आणि तोवर निर्बंध तिसऱ्यांदा वाढलेले असतात.

आपण म्हणाल, खोटी माणसं शिरतील. शिरतील की! लाडक्या बहिणीतही शिरली, मग छाननी झाली, ई-केवायसी झाली, नावं कमी झाली. पण तिथे आधी पैसे दिले आणि नंतर तपासलं. ऑगस्ट २०२४ मध्ये रक्षाबंधनाच्या आधी एक कोटीच्या वर बायकांच्या खात्यात दोन हप्ते एकदम पडले. अर्ज सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. तेच सर्व्हर, त्याच अंगणवाडी ताई, तेच आधार जोडलेलं खातं. जमतं हे मी डोळ्यांनी पाहिलंय. २०२१ मध्ये हेच जमलं नाही, कारण तेव्हा आधी तपासायचं आणि मग द्यायचं होतं. निवडणुकीच्या वर्षात यंत्रणा धावते आणि साथीच्या वर्षात तिला धाप लागते, असं वाईट मनात येतं. ते आपल्यावर ढकलत नाही, तो विषय वरच्या मजल्याचा आहे.

एवढा पैसा कुठून आणायचा हे मी सांगू शकत नाही. टाळेबंदीत राज्याची वसुलीही आटली होती, हे मला कळतं. व्यवसाय करातला एक छोटा वाटा अशा दिवसांसाठी दर वर्षी बाजूला ठेवला तर काय होईल, याचं गणित माझ्यापेक्षा वित्त विभागात बसलेल्यांना लवकर सुटेल.

माझं स्वतःचं विचाराल तर शॉप ॲक्टचं लायसन होतं, बाकी कुठल्या मंडळात नाव नाही. कर्जाचे हप्ते सहा महिने पुढे ढकलले, व्याज चालूच. नोव्हेंबर २०२० मध्ये व्याजावरचं व्याज परत आलं, दोनशे तीस रुपये. अख्ख्या महामारीत सरकारकडून माझ्या खात्यात पडलेली तेवढीच रक्कम. बायकोने त्या दिवशी बासुंदी आणली. दोनशे तीसमध्ये बसली नाही, वरचे पन्नास आम्ही घातले.

पोळ्यावाल्या मावशींचा ओटीपी तिसऱ्या दिवशी पहाटे आला. तोवर पोर्टल बंद होतं. चौथ्या दिवशी झालं काम. त्यांना मी सांगितलंय की मंत्रालयात पत्र पाठवतोय. त्या म्हणाल्या, “माझं नाव नको लिहूस, पण पोळ्या करते ते लिही.” लिहिलंय.

पत्राची पोच मिळाली तर वहीत नोंद करीन.

कळावे,
आपला,
एक अर्ज भरून देणारा,
दांडेकर पूल, पुणे

सोबत : वहीच्या ४२ पानांच्या झेरॉक्स प्रती. नावं आणि मोबाईल नंबर काळ्या पेनने खोडले आहेत. लाल शाई झेरॉक्समध्ये काळीच दिसते, म्हणून ‘या. ना.’ वाचून घ्यावे.